वरच्या फाट्यावरची शेवटची सीट

आधीच सांगते, अंतराळात जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मला सायखेड्याला जायचं होतं. परत आल्यापासून कॉलनीत जो तो विचारतोय की अर्ज कुठं भरलास, वशिला कोणाचा लावलास. कोणाचाही नाही. मी काळीपिवळीत बसले, एवढंच. आता प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. फोटो नाहीत. माझ्या फोनची चार्जिंग तेव्हाच संपली होती. मागू नयेत.

द्वारका

नाशकातल्या द्वारकेच्या चौकाचं वर्णन करत नाही. ज्यानं तिथला रस्ता पायी ओलांडलाय त्याला ते नको असेल, आणि ज्यानं ओलांडला नाही त्याला ते खरं वाटणार नाही. आमच्या गटानं या चौकावर जितकी पत्रकं काढली तितकी दुसऱ्या कशावरच काढली नसतील. 'कोंडी कोणाच्या फायद्याची?' हे माझं. लोकांनी वाचलं, "बरोबर लिहिलंय ताई" म्हणाले, आणि त्यावर भेळ खाल्ली.

त्या दिवशी सायखेड्यात गोदावरीतल्या पाणवेलींवर सभा होती. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी चौकातल्या उड्डाणपुलाखाली पोचले तर शकीला खाला आधीच उभ्या. खाला आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करतात. आमच्या मोर्च्याचे कापडी फलक त्याच शिवून देतात आणि शिवता शिवता मजकुराला नावं ठेवतात. त्यांची मुलगी नसरीन सायखेड्याला दिलेली. तिचे दिवस भरत आले होते, म्हणून खाला डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघालेल्या.

हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी खाला इथंच, याच पुलाखाली, जीप भरायची वाट बघत राहिल्या आणि तिकडं नसरीननं कळा सोसताना "अम्मी" म्हणून हात पुढं केला, तो सासूच्या हातात गेला. सासू वाईट नाही, हे खाला स्वतःच सांगतात. "लेकिन बेटा," त्या मला म्हणाल्या, "हात माझा पाहिजे होता ना."

तेवढ्यात आरोळी आली. "चला, दोनच सीट, दोनच सीट."

आता नाशिकच्या माणसाला 'दोनच सीट' ऐकू आल्यावर त्याचं काय होतं हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको. आम्ही पळालो. मी दारातूनच विचारलं, "सायखेडा?" ड्रायव्हर म्हणाला, "बसा बसा." हे उत्तर 'हो' नसतं, 'नाही'ही नसतं, पण आजवर कोणी त्याच्यापुढं जाऊन काही विचारलंय? बसलो. आत सहाजण आधीच होते. सगळ्यांनी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल. स्कूटीवरच्या निम्म्या मुली अशाच फिरतात, मला काहीच वाटलं नाही. एकीचे गुडघे जरा जास्त वाटले, पण दुसऱ्याचे गुडघे मोजत बसणाऱ्यांतली मी नाही.

गाडी निघाली. मी खिडकीकडं पाठ करून खालांना पाणवेलीचं सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगायला घेतलं. मुख्य मुद्द्यावर आले तेव्हा खाला माझ्या खांद्यावरून बाहेर बघत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "प्रज्ञा, हा रस्ता चांदोरीवरून जात नाही वाटतं."

मी वळून पाहिलं. खाली गोदावरी दोऱ्याएवढी झाली होती.

वाटेत

मी अर्थातच भांडले. कोणाच्या परवानगीनं, जबाबदार कोण, गाडीचे कागद कुठायत, सगळं विचारलं. ड्रायव्हरनं स्कार्फ सोडला. कांद्याची भरलेली गोणी उभी करून तिला कमरेच्या जागी चार हात लावले आणि वर तीन डोळे, तर कसं दिसेल, तसा तो दिसत होता. खालांनी एकदाच "या अल्लाह" म्हटलं आणि डबा छातीशी धरला.

त्यानं आमच्या गळ्यात एकेक छोटी डबी अडकवली. तिच्यातून त्यांची बोली आपल्याला मराठीत कळते आणि आपली त्यांना. घोळ एवढाच की ती डबी मराठी शिकली द्वारकेच्या स्टँडवर. त्यामुळं ते लोक काहीही बोलले, अगदी दुःखाचं, अगदी पूजेचं, तरी आपल्याला ते रिक्षा स्टँडवरच्या भाषेतच ऐकू येतं. त्यांच्या गावाचं नावही डबीनं 'वरचा फाटा' असं करून टाकलं. दुसरं नाव मला माहीत नाही.

"टेन्शन नका घेऊ ताई," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्यात शेवटची सीट कोणीच घेत नाय. म्हणून तुमच्याकडचा माणूस बसवावा लागतो. तुमच्याकडचा लगेच बसतो. मग पहिल्या चौकात 'अरे कुठं चालला' म्हणून बोंबलतो, आम्ही उतरवतो. तुम्ही बोंबललाच नाय."

बोंबलणं हा माझा उद्योग आहे. आयुष्यात एकदाच वेळेवर बोंबलले नाही, तर हे झालं.

आणि ही मंडळी नाशकात कशाला आली होती? कोंडी बघायला. आपण पावसाळ्यात धबधबे बघायला जातो, तसे हे लोक द्वारकेला येतात. फुटपाथवर बसून संध्याकाळची गर्दी बघतात. एकमेकांना आडवं जाणं हा प्रकारच त्यांच्याकडं नाही, त्यामुळं ते भारावतात. मागच्या सीटवरची, गुडघेवाली, डोळे पुसत म्हणाली, "काय सीन होता राव." आम्ही इथं धूर खातोय आणि यांची सहल. यावर पत्रक निघालंच पाहिजे, असं मी तिथंच ठरवलं.

वरचा फाटा

जागा मात्र सुंदर आहे, हे नाकारत नाही. जमीन आंबोळीसारखी जाळीदार आणि मऊ. पाऊल टाकलं की आपण अंमळ वर उडतो आणि सावकाश खाली येतो. खालांनी सुरुवातीला साडी आवळून धरली होती, नंतर त्या उडतच चालायला लागल्या आणि गुडघे दुखत नाहीत म्हणाल्या. आभाळात एक अवाढव्य ग्रह कायम टांगलेला. त्याच्यावर कांद्याच्या पातीसारखे हिरवे-पांढरे पट्टे. मी नांदगाव-मनमाडच्या पुढं फारशी गेलेली नाही, त्यामुळं तुलना करायला माझ्याकडं कांदाच आहे, समजून घ्यावं.

रस्ते स्वच्छ. कोणी थुंकत नाही, कारण त्यांना थुंकी नाही. हॉर्न नाही. कोणाशीही बोला, तो आधी ऐकून घेतो. पहिल्या दिवशी मला हे फार आवडलं, दुसऱ्या दिवशी जरा अस्वस्थ वाटायला लागलं.

जेवायला एकच मोठं ताट. त्यात जांभळे, गरम, लाडवाएवढे गोळे. चव उकडलेल्या हरभऱ्याच्या पाण्याची. मीठ नाही, तिखट तर माहीतच नाही. माझ्या पिशवीतला चिवडा मी काढला, तेव्हा त्यांनी शेंगदाणा, पोहा, खोबऱ्याचा काप वेगवेगळे करून तीन ढीग लावले आणि मग प्रत्येक ढिगाला नमस्कार केला. मिरची एका आजोबांनी खाल्ली. त्यांचे तिन्ही डोळे पहिल्यांदाच एकदम मिटले, असं सगळे म्हणत होते. हे आजोबा म्हणजे फाट्यावरचे सगळ्यात वडीलधारे. डबीतून त्यांचा गंभीर, खोल आवाज आला: "लय भारी. अजून आहे का?"

ताटात शेवटचा एक गोळा उरला. सगळे त्याच्याकडं न बघता बसून राहिले. आपल्याकडंही भज्यांच्या ताटात शेवटचं एक भजं उरतं, सगळे "घ्या ना, घ्या ना" करतात, आणि शेवटी कोणीतरी "वाया कशाला" म्हणून तोंडात टाकतो. मी ते काम केलं.

एकजण आडवा पडला, त्याला वारा घालावा लागला. मग मला गावाबाहेर नेऊन एक टेकडी दाखवली. चांगली पांडवलेण्याच्या डोंगराएवढी. ती टेकडी म्हणजे आजवर कोणी न घेतलेले शेवटचे घास. जो शेवटचं घेतो तो सगळ्यांचं घेतो, असं ते मानतात. म्हणून शेवटचं काहीच कोणी घेत नाही.

एवढं अन्न वाया. मी पाणवेलींच्या पत्रकांची पाठ वापरून रात्री नाही, भर उजेडात, सगळ्यांसमोर बसून पत्रक लिहिलं: 'हा डोंगर कोणाच्या पोटाचा?' डबी कागदावर ठेवली की त्यांना वाचता येतं. चौकात वाटली. प्रत्येकानं दोन हातांनी घेतली, उभ्यानं वाचली, "बरोबर लिहिलंय ताई" म्हणाले. शेवटचं पत्रक माझ्याच हातात राहिलं. ते कोणी घेईना.

गाडी भरेना

खालांचं लक्ष यातल्या कशातही नव्हतं. त्यांचा बटणांचा फोन त्या सारख्या वर धरून बघायच्या. रेंज नव्हतीच. "दिवस भरत आलेत रे तिचे," त्या ड्रायव्हरला प्रत्येक वेळी सांगायच्या, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "बस, गाडी भरली की निघालो."

द्वारकेला जायला रांग मोठी होती. तेव्हा गाडी लागली रे लागली की आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी पळालो आणि खिडकीच्या दोन सीट धरल्या. खालांनी डबा मांडीवर घेतला, पदर खोचला. आमच्यामागून एकेकजण येऊन बसला. एक सीट उरली.

ती उरलीच.

रांग दाराशी उभी. सगळ्यांना जायचं होतं. सगळे त्या सीटकडं न बघता ग्रहाकडं बघत होते. मी खाली उतरून भाषण केलं. अडलेली बाई, आईचा हात, सगळं सांगितलं. कित्येकांचे डोळे भरून आले. एकजण म्हणाला, "तुमची मागणी एकदम रास्त आहे, ताई." बसला कोणी नाही. अगदी आपल्याकडच्यासारखं. मोर्च्याला पाठिंबा सगळ्या गावाचा, आणि चालायला आम्ही पाचजण.

ड्रायव्हरला विचारलं की इथून गाडी मग सुटते तरी कशी. तो म्हणाला, "बाहेरगावचा कोणी आला की तो बसतो शेवटी."

"आम्ही बाहेरगावच्याच आहोत ना?"

"हो ना," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. "पण तुम्ही तर पहिल्याच बसलात."

हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. कोणाची चूक तोंडावर दाखवणं त्यांच्यात बसत नाही. मला असा संताप आला की मी जागच्या जागी दोन फूट वर उडाले आणि खाली यायला वेळ लागला, त्यामुळं तो संताप नीट पोचलाही नाही.

आता फक्त उतरायचं होतं आणि शेवटी चढायचं होतं. पण खाला उतरेनात.

"धरलेली सीट सोडू?" त्या म्हणाल्या. "खिडकीची? तू पागल झालीस का?"

"खाला, उतरल्याशिवाय गाडीच निघणार नाही."

"आणि कोणी बसला म्हणजे?"

"शेवटच्या सीटवर कोणी बसत नाही इथं."

"असं सगळेच म्हणतात," खाला म्हणाल्या. पण उतरल्या. डबा आधी माझ्या हातात दिला, मग स्वतः उतरल्या, मग डबा परत घेतला. आमच्या खिडक्या धरून तीन सीट मोकळ्या झाल्या. रांगेतला एकजण शिरला. उरल्या दोन. आम्ही पाय उचलणार इतक्यात त्या मिरचीवाल्या आजोबांनी आमच्या मधून वाट काढली, "एक्स्क्यूज मी मॅडम" म्हणत चढले आणि खालांच्या खिडकीशी बसले. त्यांचंही बरोबर होतं. दोन मोकळ्या असताना बसलेला माणूस शेवटचा नसतो.

उरली एक. आम्ही दोघी.

मी म्हटलं, "खाला, तुम्ही जा." सांगते, हे मी मोठ्या मनानं म्हटलं नाही, चिडून म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. पुढची गाडी भरायला किती लागेल ते कोणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हर सांगत होता की मागच्या खेपेची वाट बघताना त्याची पोरं लग्नाला आली.

खाला चढल्या. सगळ्यांनी माना फिरवल्या, शेवटची सीट घेताना बघायचं कसं म्हणून. खाला बसल्या, पदर आवरला, शेजारच्याकडं पाहिलं आणि कोपरानं त्याला हलकंसं ढोसलं.

"सरक ना रे बाबा जरा."

तो म्हणाला, "कुठं सरकू? माझी सीट इथं आहे."

"तिकडं. आजोबांकडं. तू तर नुसता कापूस आहेस, तुला काय होतंय?"

तो बावरला. मग सरकला. त्याच्यामुळं आजोबा सरकले, खिडकीला चिकटले. खालांच्या कडेला वीतभर जागा झाली. खालांनी तिच्यावर हात आपटला. "ये, प्रज्ञा. बूड टेकव."

मी जास्त प्रवासी कोंबण्याच्या विरोधात आहे. माझं त्यावर पत्रक आहे, 'माणसं की मेंढरं?', दोन आवृत्त्या निघाल्या. मी बूड टेकवलं.

गाडीत काहीतरी झालं. ड्रायव्हर चारही हातांनी सीट पुन्हा मोजत होता. शेवटी आजोबा खिडकीतून बाहेरच्या रांगेला, ज्या आवाजात आपल्याकडं धम्मवंदना म्हणतात तशा आवाजात, म्हणाले: "पब्लिक, ऐका. सरकता येतं. सरकलं की अजून एक सीट निघते. म्हणजे शेवटची सीट नसतेच."

दाराशी उभ्या असलेल्यानं विचारलं, "मग मी शेवटचा नाय?"

"नाय. तुझ्यामागं अजून आहेत ना. चल, चढ."

त्यानंतरचं मी लिहू नये असं मला वाटतं. मांडीवर बसले, टपावर बसले, मागच्या शिडीला लोंबकळले. ड्रायव्हर "बास, बास" म्हणत होता आणि आतून सगळे त्याला सांगत होते, "होतंय भाऊ, सरकतोय आम्ही." गाव ओस पडलं. कित्येक पिढ्यांची सभ्यता एका खालेनं कोपरानं संपवली, आणि मी कोणाच्या तरी तिसऱ्या गुडघ्यावर बसून ते बघत होते. विरोध नोंदवायला हात मोकळा नव्हता.

सायखेडा

नाशिक दिसायला लागलं तसा खालांचा फोन वाजला. मग वाजतच राहिला. नसरीनच्या नवऱ्याचे, आसिफचे, सगळे राहून गेलेले फोन एकामागून एक पोचले. शेवटी तो स्वतःच लाइनीवर आला. नसरीनला आरोग्य केंद्रात आणलं होतं. कळा सुरू झाल्या होत्या. "अम्मी, हो कहाँ तुम?"

"वर," खाला म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

ड्रायव्हर म्हणाला, गाडी द्वारकेला जाते, पब्लिक द्वारकेचं आहे, संध्याकाळची कोंडी गाठायची आहे. तोपर्यंत मी तोंड उघडलेलं होतं. कायदा, माणुसकी, सगळं तयार होतं. पण खाला आधी बोलल्या. फार नाही बोलल्या. दाटीतून कसाबसा हात सोडवला, तो उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी हा तिथं पुलाखाली राहिला. तिनं धरला तो दुसऱ्याचा."

गाडीत कुजबुज झाली. टपावरून कोणीतरी ठोकलं. आजोबा म्हणाले, "भाऊ, सायखेड्यावरून घे."

"तो आपला रूट नाय."

"सरकव रूट."

गाडी केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत उतरली. दुपार होती, ऊन होतं, त्यामुळं स्कार्फ बांधलेली इतकी मंडळी एकदम उतरताना पाहून कोणाला काही वाटलं नाही. सिस्टर दारात आल्या. एवढे सगळे पेशंटचे नातेवाईक का, म्हणून त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आत एकालाच सोडणार, त्या म्हणाल्या. खाला आधीच आत गेल्या होत्या. डबा माझ्या हातात कोंबून.

व्हरांड्यात एकच बाकडं. सगळे त्याच्यावर बसले, कसे ते विचारू नका. आसिफ येरझाऱ्या घालत होता. त्यानं एकदा आजोबांना विचारलं, चाचा कुठून आलात. ते म्हणाले, "वरच्या फाट्यावरून." त्यानं मान हलवली. आतून नसरीनचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला बाकड्यावरची सगळी मंडळी एकमेकांचे हात घट्ट धरत होती. चार-चार हात असल्यामुळं त्यात फार गुंता झाला. गुडघेवालीनं माझाही एक धरला होता. सभेची वेळ कधीच टळून गेली होती. मला ते आत्ता लिहिताना आठवलं.

मग बाळ रडलं.

बऱ्याच वेळानं खाला बाहेर आल्या. "मुलगी," म्हणाल्या. आसिफला आत पाठवलं. त्यांचा उजवा हात मनगटापाशी सुजला होता आणि हाताच्या पाठीवर नखांच्या लाल खुणा उठल्या होत्या, दोन-तीन ठिकाणी रक्त आलेलं. सिस्टर मागोमाग मलमाची ट्यूब घेऊन आल्या.

खालांनी हात मागं घेतला.

"राहू दे, सिस्टर," त्या म्हणाल्या. "दोन दिवस दिसू दे."